कॅटॅलिसिसचे प्रकार पाठ करण्याआधी, शेवटी काय परत मिळतं ते मोजा

बी.एस्सी.ला असा किंवा जॅम (एम.एस्सी. प्रवेश) आणि सेट-नेट (प्राध्यापकपदाची पात्रता) या परीक्षांच्या तयारीत, कॅटॅलिसिसवरचं, म्हणजे क्रियेचा वेग वाढवून स्वतः परत मिळणाऱ्या पदार्थांच्या कामावरचं, वहीतलं पान सगळ्यांचं जवळपास सारखंच असतं. होमोजिनिअस, हेटरोजिनिअस, एन्झाइम, ॲसिड-बेस, ऑटो, निगेटिव्ह, आणि प्रत्येकापुढे एकेक उदाहरण. पाच मार्कांना तेवढं पुरतं, म्हणून त्यापुढे कुणी जात नाही. पण या तक्त्यात दोन निरनिराळे प्रश्न एकाच रांगेत बसवले आहेत. होमो की हेटरो हा प्रश्न फेजचा. ॲसिड-बेस, एन्झाइम, ऑटो हे प्रश्न क्रिया कोणत्या वाटेनं जाते याचे. पेट्रोलियम क्रॅकिंगमधलं झिओलाइट घन आहे म्हणून हेटरोजिनिअस, आणि काम ॲसिडचं करतं म्हणून ॲसिड कॅटॅलिस्टही. मिथाइल ॲसिटेट या एस्टरमध्ये टाकलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड होमोजिनिअसही आणि ॲसिड कॅटॅलिस्टही. प्रत्येक क्रियेला दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. एवढं केलं की एमसीक्यूमधला अर्धा गोंधळ दोन दिवसांत मिटतो.

खरा खड्डा दुसराच आहे, आणि त्यात हुशार पोरंही पडतात. वेग वाढवणारी दिसेल ती वस्तू कॅटॅलिस्ट समजायची सवय. बर्झेलियसने १८३५ मध्ये हे नाव दिलं, ऑस्टवाल्डने त्याला वेगाच्या भाषेत बसवलं (त्याला १९०९ चं नोबेल मिळालं), आणि व्याख्येचा दुसरा अर्धा भाग तेव्हापासून तितकाच महत्त्वाचा आहे: क्रियेच्या शेवटी तो पदार्थ परत मिळाला पाहिजे. आपण पहिला अर्धा भाग पाठ करतो आणि दुसरा घोकून विसरतो. म्हणून पुढचं सगळं एकाच कसोटीवर घासून बघा. घातलं किती, शेवटी परत मिळालं किती.

ही कसोटी हातात बसवायला मिथाइल ॲसिटेटच्या हायड्रॉलिसिससारखं, म्हणजे तो पाण्याने तोडण्यासारखं, प्रॅक्टिकल नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर, संत गाडगे बाबा अमरावती किंवा गोंडवाना, विद्यापीठ कोणतंही असो, हे प्रॅक्टिकल कधी ना कधी समोर येतंच. बहुतेक ठिकाणी मात्र जुन्या बॅचच्या जर्नलमधली रीडिंग उतरवून ते उरकलं जातं. तसं करू नका. या एका प्रयोगात ॲसिड कॅटॅलिसिस, स्यूडो फर्स्ट ऑर्डर (पाणी भरपूर असल्याने वेग फक्त एस्टरच्या प्रमाणावर ठरतो) आणि खोटा कॅटॅलिस्ट, तिन्ही एकाच फ्लास्कमध्ये भेटतात.

०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड १०० मिली घ्या, त्यात ५ मिली मिथाइल ॲसिटेट. मिसळल्याबरोबर २ मिली पिपेटने काढून बर्फाच्या २५ मिली पाण्यात सोडा, फिनॉल्फ्थॅलिन घाला आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा. हे शून्य वेळेचं रीडिंग. मग दर दहा-पंधरा मिनिटांनी तसंच. काही जर्नलमध्ये ५ मिली काढा असं लिहिलेलं असतं. हिशोब करून बघा. ५ मिलीत ॲसिडच २३.८ मिली अल्कली खातं आणि क्रिया पूर्ण झाल्यावर ॲसिटिक ॲसिड आणखी ३० मिलीच्या आसपास. म्हणजे शेवटचं रीडिंग ५४ च्या घरात, आणि ब्युरेट ५० ची. मध्येच ब्युरेट परत भरावी लागते आणि चूक दुप्पट होते. २ मिली घेतलं की सुरुवात साडेनऊच्या आसपास आणि शेवट साडेएकवीसच्या आसपास.

आता बघा, साडेनऊ मिलीचं जे ॲसिड सुरुवातीला होतं ते शेवटीही तितकंच आहे. वाढलेले १२ मिली एस्टरमधून निघालेल्या ॲसिटिक ॲसिडचे. घातलेला हायड्रोजन आयन जसाच्या तसा परत मिळाला. कॅटॅलिस्टची व्याख्या ब्युरेटवर वाचता येते ती ही अशी. म्हणूनच वेग स्थिरांकाच्या सूत्रात शेवटच्या रीडिंगमधून सुरुवातीचं वजा करतात. कॅटॅलिस्टचा वाटा त्या वजाबाकीत निघून जातो.

हे प्रॅक्टिकल बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त इन्फिनिटी रीडिंगमध्ये, म्हणजे क्रिया पूर्ण संपल्यावरच्या शेवटच्या रीडिंगमध्ये. बाटली ६० अंशाच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास ठेवून "क्रिया पूर्ण झाली" असं धरतात. मिथाइल ॲसिटेट ५७ अंशाला उकळतो. बूच सैल असेल तर एस्टर उडून जातो आणि रीडिंग कमी येतं. बूच घट्ट असलं तरी अर्ध्या तासात क्रिया संपत नाही. शेवटचं रीडिंग कमी आलं की गणितात छेद लहान होतो आणि वेग स्थिरांक वेळेबरोबर वाढत जातो. स्थिरांक चढत जाताना दिसला तर आधी इथेच संशय घ्या. बाटली घट्ट बंद करून दोन दिवस खोलीत ठेवा, हा सगळ्यात सरळ मार्ग. त्यात वीज गेली तरी काही बिघडत नाही, हा आपल्याकडे मोठाच फायदा.

दुसरं तापमान. २५ अंशाला या मिश्रणाचं अर्धायुष्य तीन-साडेतीन तासांच्या घरात असतं, ४० अंशाला तासाभराच्या आसपास येतं. डिसेंबरातली सकाळची लॅब आणि एप्रिलची दुपारची लॅब यांचे आकडे जुळणार नाहीत, आणि जुळायलाही नकोत. थर्मोस्टॅट नसेल तर बाटली पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात ठेवा, थर्मामीटर टबातच राहू द्या, आणि तापमान जर्नलमध्ये लिहा. तापमान न लिहिलेला वेग स्थिरांक काही कामाचा नाही.

तिसरं पाणी. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, ते थोडं ॲसिड खातं. डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून बोअरच्या पाण्याचा बर्फ वापरायची वेळ आली तर प्रत्येक वेळी अगदी तितकाच वापरा. सगळ्या रीडिंगमध्ये सारखीच चूक असेल तर वजाबाकीत ती निघून जाते. एकदा २० मिली आणि एकदा ५० मिली घातलं तर नाही जात.

आणि चौथं, ज्यासाठी हे एवढं सांगितलं. एंडपॉइंटला गुलाबी रंग येतो आणि थोड्या वेळात उडतो. पोरं आणखी थेंब टाकतात, पुन्हा उडतो, पुन्हा टाकतात, आणि रीडिंग हाताबाहेर जातं. याचं कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड फार थोडा, मुख्य कारण उरलेला एस्टर. हायड्रॉक्साइड आयन या एस्टरवर हायड्रोजन आयनाच्या हजाराहून अधिक पट वेगाने तुटून पडतो. तुम्ही टाकलेला जास्तीचा थेंब एस्टरच खाऊन टाकतो. म्हणून बर्फ लागतो, म्हणून टायट्रेशन भराभर करायचं, आणि दहा-पंधरा सेकंद टिकणारा पहिला गुलाबी रंग धरून थांबायचं.

आता प्रश्न. हायड्रॉक्साइडने वेग हजार पट वाढवला, मग तो कॅटॅलिस्ट का नाही? पुस्तकात तर "बेस कॅटॅलाइज्ड हायड्रॉलिसिस ऑफ एस्टर" असं छापलेलं असतं. कसोटी लावा. एक मोल एस्टर तुटला की एक मोल हायड्रॉक्साइड ॲसिटेट आयन होण्यात कायमचा गेला. गुलाबी रंग उडाला याचा अर्थच तो खर्च झाला. परत काही मिळालं नाही. तो रिॲक्टंट आहे, आणि म्हणूनच ही क्रिया सेकंड ऑर्डरची मोजतात. आययुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या परिभाषेत नेमकं हेच उदाहरण देऊन म्हटलंय की असा पदार्थ काटेकोरपणे ॲक्टिव्हेटर म्हणावा. विद्यापीठाच्या पेपरात पुस्तकाचाच शब्द लिहिलात तरी मार्क जाणार नाहीत. पण नेटमध्ये मेकॅनिझमवरून रेट लॉ काढायला लावतात, आणि मुलाखतीत हाच प्रश्न विचारतात. तिथे हा फरक माहीत असावाच लागतो.

यावरून "बेस म्हणजे कॅटॅलिस्ट नाहीच" असं मात्र पाठ करू नका. सोडियम हायड्रॉक्साइड मिथेनॉलमध्ये विरघळवून तेलाचं बायोडिझेल करतात, तिथे काम करणारा मेथॉक्साइड आयन प्रत्येक फेरीत परत तयार होतो. तो खरा कॅटॅलिस्ट. पण तेच सोडियम हायड्रॉक्साइड करंजाच्या जुन्या तेलात किंवा वारंवार तळलेल्या तेलात टाका. त्यात मोकळी फॅटी ॲसिड असतात, ती अल्कली खाऊन साबण करतात, थर वेगळे होत नाहीत आणि फ्लास्कमध्ये नुसता लगदा उरतो. म्हणून मोकळं ॲसिड साधारण दोन टक्क्यांच्या वर असेल तर आधी सल्फ्युरिक ॲसिडने एस्टरिफिकेशन करून घेतात, मग अल्कली वापरतात. बाटली तीच, लेबल तेच. एका भांड्यात तो कॅटॅलिस्ट आहे आणि दुसऱ्या भांड्यात रिॲक्टंट. पदार्थाचं नाव बघून प्रकार ठरत नाही, क्रिया बघून ठरतो.

हीच कसोटी आणखी तीन ठिकाणी फिरवा. फ्रीडेल-क्राफ्ट्स अल्किलेशनला ॲल्युमिनिअम क्लोराइड थोडं पुरतं, ॲसिलेशनला एका मोलपेक्षा जास्त लागतं. कारण तयार झालेला कीटोन त्याला घट्ट धरून ठेवतो, पाणी टाकून कॉम्प्लेक्स तोडेपर्यंत सोडत नाही. पॉलिमरमधलं बेंझॉइल पेरॉक्साइड तर तुटून साखळीच्या टोकाला जाऊन बसतं. ते इनिशिएटर, कॅटॅलिस्ट नाही. आणि "निगेटिव्ह कॅटॅलिस्ट" हा शब्द जमेल तेवढा टाळा, इन्हिबिटर म्हणा. इन्हिबिटर बहुतेक वेळा साखळीतले रॅडिकल पकडून स्वतः खर्च होतो. कॅटॅलिस्ट नवी, सोपी वाट उघडतो. इन्हिबिटर उलटी, अवघड वाट उघडतो असं काही नसतं, कारण अवघड वाट उघडली तरी क्रिया जुन्या सोप्या वाटेने चालूच राहील.

संख्येत बघायचं तर टर्नओव्हर नंबर काढा. कॅटॅलिस्टच्या एका मोलमागे उत्पादनाचे किती मोल झाले, एवढाच हिशोब. ०.०१ मिलीमोल कॅटॅलिस्टने दोन तासांत ८ मिलीमोल उत्पादन दिलं तर नंबर ८००, आणि तासांनी भागून टर्नओव्हर फ्रिक्वेन्सी तासाला ४००. १ मोल टक्का कॅटॅलिस्ट आणि ९० टक्के यील्ड, तर नंबर ९०. जॅमला हे गणित आलं तर फुकटचे मार्क आहेत. साबणीकरणातल्या सोडियम हायड्रॉक्साइडचा नंबर मात्र एकच्या वर कधीच जात नाही.

ऑटोकॅटॅलिसिस लवकर उरकतं, कारण ते तुम्ही बारावीतच बघितलेलं आहे, फक्त लक्ष दिलेलं नसतं. ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये सल्फ्युरिक ॲसिड घालून ६० ते ७० अंशाला गरम करता आणि पोटॅशियम परमँगनेट सोडता. पहिला थेंब गुलाबी रंग धरून बसतो, हलवत राहावं लागतं. मग पुढचे थेंब पडताक्षणी बेरंग होतात. मधल्या काळात मँगनीज टू आयन तयार झाला, आणि तोच पुढची क्रिया पळवतो. खात्री करायची असेल तर सुरुवातीलाच चिमूटभर मँगनीज सल्फेट टाका, पहिला थेंबही लगेच बेरंग होईल. इथे कॅटॅलिस्ट घातल्यापेक्षा जास्त परत मिळतो. तपकिरी गढूळपणा आला तर ॲसिड कमी पडलं आणि मँगनीज डायऑक्साइड तयार झालं, ते रीडिंग टाकून द्या. गॅस नसेल आणि स्पिरिट लॅम्पवर काम चाललं असेल तर फ्लास्क मध्येच थंड होतो. मग उशिरा उडणारा रंग एंडपॉइंट समजला जातो. थर्मामीटर हाताशी ठेवा.

कॅटॅलिस्ट समतोल हलवत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही "हेबर प्रक्रियेत लोखंडामुळे अमोनिया जास्त मिळतो" असं वाक्य उत्तरपत्रिकेत सर्रास येतं. लोखंड पुढची आणि मागची, दोन्ही क्रियांचा अडथळा सारखाच कमी करतं. समतोलाला अमोनिया जास्त हवा असेल तर तापमान कमी पाहिजे आणि दाब जास्त. ४०० ते ५०० अंश ठेवावं लागतं ते लोखंडाला त्याखाली पुरेसा वेग देता येत नाही म्हणून. पोटॅशियम आणि ॲल्युमिनिअमची ऑक्साइड प्रमोटर म्हणून, म्हणजे लोखंडाचं काम वाढवायला, असतात. एस्टरिफिकेशनमध्ये सल्फ्युरिक ॲसिडचे चार थेंब टाकले तर कॅटॅलिसिस, पण निम्मं भांडं ॲसिडने भरलं तर ते पाणी धरून ठेवतं आणि समतोलच सरकतो. तेवढं ॲसिड निव्वळ कॅटॅलिस्ट राहिलेलं नसतं.

अडथळा किती कमी झाल्याने किती फरक पडतो, हे एकदा स्वतः कागदावर काढा. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनाची ॲक्टिव्हेशन एनर्जी सुमारे ७५ किलोज्यूल, आयोडाइड टाकल्यावर सुमारे ५७. फरक १८. २९८ केल्विनला, अऱ्हेनिअसचा पुढचा गुणक तोच धरला तर, वेग चौदाशे पटीच्या आसपास वाढतो. हा आकडा स्वतःच्या हाताने निघाला की "ॲक्टिव्हेशन एनर्जी कमी करतो" हे वाक्य नुसतं वाक्य राहत नाही.

हेटरोजिनिअसला शाळेच्या उदाहरणांची यादी लांब आहे, पण परीक्षक बघतो ते पृष्ठभागावरचे टप्पे: रेणू पृष्ठभागापर्यंत येतो, धरला जातो, क्रिया होते, उत्पादन सुटतं, दूर जातं. धरणं फार सैल असेल तर क्रिया होत नाही, फार घट्ट असेल तर उत्पादन सुटत नाही आणि जागा अडते. गंधक किंवा आर्सेनिक प्लॅटिनमला मारतं ते असंच, जागा अडवून. सल्फ्युरिक ॲसिड बनवण्याच्या कॉन्टॅक्ट प्रक्रियेत प्लॅटिनम मागे पडून व्हॅनेडियम पेंटॉक्साइड आलं त्यामागे हे एक कारण आहे. हायड्रोजन आयोडाइडचं विघटन सोन्यावर झिरो ऑर्डर आणि प्लॅटिनमवर फर्स्ट ऑर्डर का, हा प्रश्न वारंवार येतो. सोन्यावर जागा भरलेल्या असतात, म्हणून दाब वाढवून उपयोग नाही. प्लॅटिनमवर जागा बऱ्याच रिकाम्या असतात. हे एकदा समजलं की दाब आणि भरलेल्या जागा यांचं नातं सांगणारं लँगम्युअरचं समीकरण पाठ करावं लागत नाही.

शॉर्टकटबद्दल स्पष्ट सांगतो. "एका रात्रीत पूर्ण चॅप्टर" छापाचे व्हिडिओ उजळणीला ठीक, पहिल्यांदा शिकायला घातक. त्यात तक्ता मिळतो आणि तक्त्याची गडबड वर सांगितलीच आहे. नागपूरला खोली करून क्लास लावल्याशिवाय जॅम निघत नाही, हेही खरं नाही. जुने पेपर सगळे मिळतात, ते वेळ लावून सोडवा. क्लासच्या फीचा पैसा घरात नसेल तर कर्ज काढू नका. आणि लॅबमधल्या जुन्या परिचराला विचारायला लाजू नका. कोणत्या बाटलीतलं सोल्यूशन कधीचं, कोणती ब्युरेट गळते, बर्फ कुठून आणायचा, हे त्याला सगळ्यात आधी माहीत असतं.

एन्झाइमसाठी महागडं काही लागत नाही, आपल्याकडे तूर आहे. वीस-पंचवीस अख्खे तुरीचे दाणे रात्रभर भिजवा, पाण्यात वाटा, फडक्याने गाळा. मिलची डाळ घेऊ नका, प्रक्रियेत ती वाळवली-तापवली गेलेली असते. दोन टक्के युरियाचं २० मिली द्रावण करा. पोत्यातला युरिया नीमकोटेड असल्याने द्रावण गढूळ होतं, तेही गाळून घ्या. फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकून द्रावण रंगहीन आहे ना बघा, मग तुरीचा २ मिली अर्क घाला. तुरीतलं युरिएज हे एन्झाइम युरियाचा अमोनिया करतं आणि द्रावण गुलाबी होत जातं. शेजारच्या टेस्ट ट्यूबमध्ये पाच मिनिटं उकळलेला अर्क घाला, ती रंगहीनच राहील. ही दुसरी ट्यूब केली नाही तर प्रयोग अपुरा, कारण तुरीत मुळातच काही अल्कलाइन होतं की काय या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ सम्नरने १९२६ मध्ये पहिल्यांदा स्फटिकरूपात मिळवलेलं एन्झाइम हेच, त्याने ते जॅक बीनमधून काढलं. आणि पाऊस नसताना ओलसर जमिनीवर युरिया फेकला की वावरात जो उग्र वास सुटतो, तोही मातीतल्या युरिएजचाच उद्योग. खत मातीत झाकायला सांगतात ते यासाठी.

हे एन्झाइम नोकरीतही भेटतं. सोयाबीनमध्ये युरिएज भरपूर असतं. तेल काढून उरलेली पेंड, म्हणजे डीओसी, कोंबडीखाद्याला जाण्याआधी सोया प्लांटच्या लॅबमध्ये तिची युरिएज ॲक्टिव्हिटी बघतात. विदर्भातल्या नवख्या केमिस्टला पहिल्या महिन्यात हीच टेस्ट हातात येण्याची शक्यता मोठी. बारीक दळलेली पेंड ०.२ ग्रॅम, युरिया घातलेलं फॉस्फेट बफर १० मिली, ३० अंशाला ३० मिनिटं, दर पाच मिनिटांनी हलवायचं. शेजारी तितकीच पेंड युरिया नसलेल्या बफरमध्ये. शेवटी दोन्हींच्या पीएचमधला फरक. तो साधारण ०.०५ ते ०.२० मध्ये बसायला हवा. जास्त आला तर पेंड कच्ची, म्हणजे पचनात अडथळा आणणारा ट्रिप्सिन इन्हिबिटरही शिल्लक असणार. मोजतात युरिएज, कारण ते मोजायला सोपं आणि उष्णतेने दोन्ही साधारण बरोबरीने मरतात. फरक शून्याला टेकला तर पेंड जास्त भाजली गेल्याची शंका घ्या, त्यात लायसिनचं नुकसान होतं. पीएच मीटर त्या दिवशी ७ च्या बफरला कॅलिब्रेट केलेला नसेल तर ०.०५ इतक्या लहान फरकावर भरवसा ठेवता येणार नाही. आणि दोन्ही ट्यूब पाच मिनिटांच्या अंतराने बाथमध्ये टाकल्या असतील तर काढतानाही तेवढंच अंतर ठेवा.